कागदावरची आजारी आई

आयकर खात्याचं पत्र मंगळवारी आलं आणि ताईंनी ते आधी विजेच्या बिलाखाली सारून दिलं. सरकारी लिफाफा उघडायचा तो पोटात दोन घास गेल्यावर, असा त्यांचा नियम होता. जेवण झालं, ओटा पुसून झाला, मग चष्मा लावून त्या टेबलाशी बसल्या आणि पहिल्याच परिच्छेदावर अडल्या.

'आपण आपल्यावर अवलंबून असलेल्या, कायमचे अपंगत्व आलेल्या मातोश्रींच्या शुश्रूषेपोटी मागील वर्षाच्या विवरणपत्रात वजावट घेतली आहे. तिचे पुरावे तीस दिवसांच्या आत सादर करावेत.'

"अहो," त्यांनी नवऱ्याला हाक मारली, "माझी आई अपंग कधी होती?"

नवरा पलीकडे गुडघ्याला मलम चोळत बसला होता. "तुझी आई? त्यांच्याबरोबर चालताना मला धाप लागायची."

ताईंनी पत्र पुन्हा वाचलं. आई जाऊन अकरा वर्षं झाली होती. बाजारातून दोन पिशव्या घेऊन आली, जिना चढली, खुर्चीत टेकली, 'जरा पाणी दे गं' म्हणाली आणि पाणी येईपर्यंत संपली. उभ्या आयुष्यात त्या बाईनं एक दिवस अंथरूण धरलं नव्हतं. तिला कुणीतरी मेल्यावर पलंगाला खिळवलं होतं, आणि त्याच्याखाली सही होती ताईंची.

ताई दातांच्या प्रयोगशाळेत कामाला होत्या. प्रयोगशाळा म्हणायची आपली पद्धत. खरं तर तो कवळ्यांचा कारखाना. डॉक्टरांकडून लोकांच्या जबड्यांचे साचे यायचे आणि ताई त्यावर मेणात एकेक दात बसवायच्या. बावीस वर्षं हेच. कुणाचा जबडा किती झिजलाय, कोण रात्री दात खातं, हे त्या माणूस न बघता नुसत्या साच्यावरून सांगत. त्यांचा हात असा बसलेला की मालक नवीन माणसाला म्हणायचे, "शंका आली तर ताईंना विचार. मला नको."

आणि लोक ताईंना नुसतं दातांचं विचारत नसत. नळ गळतोय, कोणाला बोलवू? पाठ धरलीय, कुठला डॉक्टर बरा? घड्याळ कोण नीट दुरुस्त करतं? ताईंकडे प्रत्येकाचं उत्तर असायचं, आणि ते बरोबर निघायचं. याचा त्यांना मनातून अभिमान होता. बोलून दाखवत नसत, पण 'ताईंनी सांगितलेला माणूस' म्हटलं की त्यांच्या मानेला जरा ताठा यायचा.

कराचं काम पूर्वी लॅबचे जुने कारकून करायचे. वर्षाला एकदा सगळ्यांचे पगाराचे दाखले गोळा करत, दोन दिवस खाली मान घालून बसत आणि फॉर्म भरून देत. ते निवृत्त होऊन मुलीकडे दूर गेले, आणि त्याच वर्षी कागदी फॉर्म बंद होऊन सगळं संगणकावर गेलं. ताईंनी घरी बसून प्रयत्न केला. संकेतस्थळानं पासवर्ड मागितला, मग नवा मागितला, मग तो जुन्यासारखा आहे म्हणून नाकारला, आणि चाळीस रकाने भरल्यावर 'आपली वेळ संपली आहे' म्हणून सगळं पुसून टाकलं. तिसऱ्यांदा असं झालं तेव्हा ताईंनी संगणक मिटला आणि चपला घातल्या.

चपला-बुटांच्या दुकानावर पहिल्या मजल्यावर एक पाटी होती: 'कर सल्लागार. दहा मिनिटांत काम. परताव्याची हमी.' आत सोनेरी काड्यांचा चष्मा लावलेला, गोड बोलणारा माणूस बसलेला. त्यानं ताईंना पाणी दिलं, पंखा त्यांच्याकडे वळवला.

"घरी कोण कोण असतं ताई?"

"मी आणि मिस्टर."

"आईवडील?"

"वडील आधीच गेले. आईला आता काही वर्षं झाली."

"अरेरे," तो म्हणाला, आणि अरेरे म्हणता म्हणताच त्याची बोटं कीबोर्डवर चालत होती.

खरोखर दहा मिनिटांत काम झालं. महिन्याभरात खात्यात परतावा आला. ताईंनी दुसऱ्या दिवशी डबा खाताना ही गोष्ट सांगितली, आणि त्या आठवड्यात लॅबमधले सात जण बुटांच्या दुकानाचा जिना चढून आले. त्यात पॉलिशवालीही होती. ताईंच्या शेजारच्या टेबलावर वीस वर्षं चाक फिरवून कवळ्या चकचकीत करणारी, ताईंची अगदी आतल्या गोटातली मैत्रीण. ती तर कधीच कुणावर विश्वास ठेवायची नाही. "तू सांगतेस म्हणून जाते," असं म्हणून गेली होती.

पत्र आल्याच्या दुसऱ्या दिवशी ताई अर्धी रजा टाकून त्या दुकानावर गेल्या. जिना तोच, दार तेच. पाटी मात्र नव्हती. तिच्या जागी भिंतीवर चार भोकं आणि एक फिकट चौकोन. आत एक बाई शिवणयंत्राला तेल घालत होती.

"ते कर सल्लागार?"

"तुम्ही आज तिसऱ्या," शिवणवाली मान वर न करता म्हणाली. "मी भाड्यानं जागा घेतली, माणूस घेतला नाही. पत्ता मला माहीत नाही."

फोन लावला तर तो क्रमांक अस्तित्वातच नव्हता.

मग ताईंनी खात्याच्या मदतकेंद्राला फोन केला. आधी एका बाईच्या आवाजानं नऊ पर्याय सांगितले आणि ताईंना हवा तो त्यात नव्हता. मग वाजंत्री सुरू झाली. ताईंनी फोन खांद्याला लावून कपड्यांच्या घड्या केल्या, कपाट आवरलं, दुसरं कपाट आवरलं. पाऊण तासानं माणसाचा आवाज आला. ताईंनी सगळं सांगितलं.

"मॅडम, वजावट चुकीची असेल तर सुधारित विवरणपत्र भरा."

"भरते. कसं?"

"त्याची माहिती संकेतस्थळावर आहे."

"संकेतस्थळ म्हणतंय, नोटीस आली असेल तर सुधारित भरता येत नाही."

"मग नोटिशीला उत्तर द्या."

"काय उत्तर देऊ? तेच तर विचारतेय हो."

"ते आम्ही सांगू शकत नाही, मॅडम. आणखी काही मदत?"

आणखी! ताईंना हसावं की फोन भिंतीवर आपटावा तेच कळेना. पुन्हा फोन लावला. दुसरा माणूस म्हणाला, पैसे आधी भरून टाका, उत्तराचं नंतर बघू. तिसरी बाई म्हणाली, पैसे अजिबात भरू नका, भरले म्हणजे गुन्हा कबूल. त्यांनी तिघांची उत्तरं एका कागदावर एकाखाली एक लिहिली आणि त्या कागदाकडे बघत बसल्या. तीन माणसं, एकच खातं, आणि एकाच्या बोलण्याचा दुसऱ्याच्या बोलण्याला पत्ता नाही.

गुरुवारी धाकटे दीर आले. भावोजी एका पतपेढीत चार वर्षं रोखपाल होते, तेवढ्या बळावर ते जगाच्या कुठल्याही आर्थिक प्रश्नावर मत देत. त्यांनी पत्र दिव्यापाशी धरलं, उलटं केलं, मागची बाजू कोरी आहे याची खात्री केली.

"वहिनी, हे घाबरवायला पाठवतात. हजारोंनी पाठवतात. उत्तर द्यायचंच नाही."

"आणि पुन्हा पत्र आलं तर?"

"पुन्हा आलं तर पत्ता बदलला म्हणायचं."

"भावोजी, या घरात आम्ही एकोणतीस वर्षं राहतोय."

"तेच तर! त्यांना काय माहीत?"

नवरा मध्ये पडला. "तू चहा पी आणि गप बस," तो भावाला म्हणाला. भावोजींनी चहा प्यायला, पण गप बसणं त्यांना जमणारं नव्हतं. जाताना दारातून ओरडून म्हणाले, "माझ्या ओळखीत एक मोठा माणूस आहे. पाठवतो नाव!"

त्या मोठ्या माणसाचं ऑफिस काचेच्या इमारतीत होतं. भेटीचे पैसे आधी, मग खुर्ची. टाय लावलेल्या त्या गृहस्थांनी पत्रावरून नुसती नजर फिरवली.

"सोपं आहे," ते म्हणाले. "आईंचं आजारपणाचं प्रमाणपत्र लागेल. माझे एक डॉक्टर आहेत, मागची तारीख घालून देतील. आई कुठल्या दवाखान्यात होत्या ते आपण नंतर ठरवू."

"अहो, पण ती त्याच्या कितीतरी आधी वारलीय. मृत्यूचा दाखला आहे."

"दोन कागद दोन वेगळ्या खात्यांत असतात ताई. ते एकमेकांना भेटत नाहीत."

"मी खरं सांगायला वाट शोधतेय, आणि तुम्ही मला आणखी खोटं विकताय."

"मग तुम्हाला वकील लागेल," ते शांतपणे म्हणाले आणि घड्याळाकडे पाहिलं. "त्याची फी मात्र या रकमेपेक्षा जास्त होईल."

रस्त्यावर आल्यावर ताई एका दुकानाच्या पायरीवर बसल्या. गाड्या जात होत्या, माणसं जात होती. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच. नळाला माणूस मिळतो, पाठीला मिळतो, घड्याळाला मिळतो. 'हे मी चुकीचं भरलं, बरोबर कसं करू' एवढं सांगणारा एक माणूस मिळू नये? आणि त्यांना पहिल्यांदाच असंही वाटलं, की नळवाला तरी आपण काय पाहून सांगायचो? तो आपल्याशी नीट बोलला, एवढंच ना?

सोमवारी त्या लॅबमध्ये पोचल्या तेव्हा पॉलिशवालीचं चाक बंद होतं. ती स्टुलावर ताठ बसली होती आणि तिच्या मांडीवर तसाच लिफाफा होता.

"माझा एक आंधळा भाऊ आहे म्हणे," ती म्हणाली. "मी त्याला सांभाळते."

ताईंना माहीत होतं, ती एकुलती एक.

"मलाही आलंय," ताई हळूच म्हणाल्या. "गेल्या मंगळवारी."

हे बोलायला नको होतं. पॉलिशवालीनं मान वर केली. "मंगळवारी? म्हणजे सहा दिवस तुला माहीत होतं? इथं माझ्या शेजारी बसून दात लावत होतीस, आणि तोंडातून अवाक्षर काढलं नाहीस?"

"आधी उपाय शोधावा, मग सांगावं म्हटलं."

"तुझे उपाय बघितले." तिचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला, आणि तेच ताईंना जास्त लागलं. "त्या पैशातून मी लेकीच्या प्रशिक्षणाची फी भरली. आता कुठून आणू? मी जाणार नव्हते त्याच्याकडे. मला त्याचा चष्माच आवडला नव्हता. तू म्हणालीस म्हणून गेले."

"अगं, मला तरी कुठं ठाऊक होतं..."

"तेच. तुला ठाऊक नव्हतं. मग सांगितलंस कशाला?"

तिनं चाक सुरू केलं. त्या आवाजात पुढचं काही बोलता येत नव्हतं, आणि ती दिवसभर ते बंद करेना. हातात कवळी नसतानाही चाक फिरत होतं. दुसऱ्या दिवसापासून ती डबा घेऊन भट्टीपाशी जाऊन बसू लागली.

बुधवारी ताई थेट कर कार्यालयात गेल्या. त्यांचा टोकन क्रमांक एकशे सत्याहत्तर होता आणि फलकावर एकोणचाळीस चालू होता. बाकावर शेजारी एक पेंटर होता, नखांत हिरवा रंग. तो चौथ्यांदा आला होता. "पहिल्यांदा चूक खिडकी," त्यानं बोटांवर मोजत सांगितलं, "दुसऱ्यांदा चूक कागद, तिसऱ्यांदा त्यांचं यंत्र बंद. आज बघू काय काढतात." दुपारी ताईंचा नंबर लागला. काचेमागच्या कारकून बाईंनी पत्र वाचलं, संगणकात पाहिलं.

"लेखी उत्तर द्या."

"काय लिहू?"

"सल्ला द्यायची आम्हाला परवानगी नाही."

ताईंचा बांध फुटला. रडू नाही आलं, राग आला. "मग परवानगी आहे कुणाला? फोनवर नाही, इथं नाही, बाहेर बसलेत ते चोर! मला खरं सांगायचंय हो. खरं सांगायला कुठल्या खिडकीवर जायचं?"

कारकून बाईंनी इकडेतिकडे पाहिलं. मग पत्र परत करताना त्यांनी काचेच्या आतल्या बाजूला चिकटवलेल्या, उन्हानं पिवळ्या पडलेल्या एका कागदावर बोट ठेवलं. तोंडानं काही बोलल्या नाहीत. कागदावर बारीक अक्षरात लिहिलं होतं: 'विनामूल्य कर साहाय्य. सार्वजनिक वाचनालय, वाचन कक्ष. शनिवारी सकाळी.'

एवढी मोलाची गोष्ट, आणि ती लावलीय अशा ठिकाणी की गुडघ्यात वाकल्याशिवाय दिसू नये!

वाचन कक्षात, नकाशांच्या कपाटापलीकडे, एका लाकडी टेबलाशी सत्तरीच्या बाई बसल्या होत्या. पांढरे आखूड केस, कानात ऐकण्याचं यंत्र, समोर चार टोकदार पेन्सिली. तीस वर्षं त्यांनी याच खात्यात लोकांची विवरणपत्रं तपासली होती, असं दारापाशी बसलेल्या ग्रंथपालानं सांगितलं. ताईंच्या आधी पाच जण होते. बाई कुणाशी गोड बोलत नव्हत्या. एकाला तर त्यांनी पिशवीभर पावत्या तारखेप्रमाणे लावून पुढच्या आठवड्यात या म्हणून परत पाठवलं. ताईंच्या मनात आलं, इथंही आपल्या नशिबी दगडच.

"सही कुणाची?" हा बाईंचा पहिला प्रश्न.

"माझी. पण त्यानं..."

"वाचून केलीत?"

"नाही."

"मग विवरणपत्र तुमचं आहे. त्याचं नाही." त्यांनी कागद ओढून घेतला. "हे आधी गिळा, म्हणजे पुढचं सोपं जाईल."

इतक्या दिवसांत एवढं कडू कुणी बोललं नव्हतं. पण आत कुठंतरी त्यांना हेही जाणवलं, की इतक्या दिवसांत हे पहिलंच वाक्य असं आहे, ज्याच्या खाली जमीन लागते.

बाईंनी ताईंच्या नावाचा खात्यातला उतारा काढायला लावला. वाचनालयाच्या संगणकावर पासवर्ड तीनदा चुकला, बाई चिडल्या नाहीत, चौथ्यांदा म्हणाल्या, "हळू. एकेक अक्षर बोलत टाइप करा." उतारा आला. त्यांनी पेन्सिलीनं एका आकड्याखाली रेघ मारली.

"परतावा एवढा निघालाय. तुमच्या हाती किती आला?"

ताईंनी चष्मा सारखा करून आकडा पुन्हा वाचला. "याच्या निम्मा."

"उरलेला या दुसऱ्या खात्यात गेला. तशी संमती तुम्ही दिलीय. दुसऱ्या पानावर, तळाशी. तीही सही तुमचीच."

"म्हणजे मला..."

"सगळा परत करावा लागेल. मिळालेला आणि न मिळालेलाही. वर व्याज."

"हा कुठला न्याय?" ताई इतक्या मोठ्यानं म्हणाल्या, की वर्तमानपत्र वाचणारे दोघं वळून बघायला लागले. "चोर पळाला आणि मी भरू?"

"न्याय नाही. नियम आहे." बाईंनी यंत्र कानात नीट बसवलं. "त्याच्यावर पोलिसांत तक्रार करा, तिची प्रत उत्तराला जोडा. पैसे त्यानं सुटतील असं मी म्हणत नाही. दंड मात्र कमी होतो. आता उत्तर लिहा."

"तुम्ही नाही लिहून देणार?"

"नाही. लिहून देणारा भेटला म्हणून तर तुम्ही इथं आलात. तुम्ही लिहा, मी तपासते."

ताईंनी तिथंच बसून दोन पानं लिहिली. बाईंनी वाचली आणि पेन्सिल चालवायला सुरुवात केली. पहिला परिच्छेद गेला. दुसरा गेला.

"हे का काढलंत?" ताईंना राहवेना.

"'हा माणूस अत्यंत हलकट आहे.' असेल. पण त्यांनी विचारलेलं नाही."

"आणि हे? माझी आई कशी होती ते?"

"हेही विचारलेलं नाही," बाई म्हणाल्या, पण या वेळी आवाज जरा मऊ होता. "त्यांना एवढंच हवंय: आई कधी गेली, अपंगत्व होतं की नव्हतं, वजावट चुकीची आहे हे मान्य आहे की नाही, पैसे कसे भरणार. चार वाक्यं. दाखला जोडा."

शेवटी चारच वाक्यं उरली. 'माझी आई अकरा वर्षांपूर्वी वारली. तिला कधीही अपंगत्व नव्हते.' ताईंनी ती दोन वाक्यं स्वच्छ अक्षरात लिहिली आणि पेन खाली ठेवलं. आईला त्या पलंगावरून उठवल्यासारखं काहीतरी वाटलं.

"आणखी कुणी गेलं होतं त्याच्याकडे?" बाईंनी विचारलं.

"लॅबमधले सात जण." मग ताई खाली मान घालून म्हणाल्या, "मीच पाठवले."

"पत्रं किती जणांना आलीत?"

"मला सोडून तिघांना."

"म्हणजे चौघांना अजून वेळ आहे. पत्र यायच्या आत जो आपण होऊन चूक सांगतो, त्याला दंड लागत नाही. पत्र आलं की लागतो. सोमवारी सांगा त्यांना."

सोमवार उजाडूच नये असं ताईंना वाटत होतं. पण दुपारी सगळे डबे उघडून बसल्यावर त्या प्लास्टरच्या टेबलाशी उभ्या राहिल्या. बावीस वर्षांत त्या कधी उभं राहून बोलल्या नव्हत्या.

"मी तुम्हाला चुकीच्या माणसाकडे पाठवलं," त्या म्हणाल्या. "चौकशी न करता पाठवलं. आता मी सांगतेय ते नीट ऐका, आणि माझ्यावर विश्वास ठेवू नका. शनिवारी स्वतः जाऊन त्या बाईंना विचारा."

कुणीतरी मागून म्हणालं, "पुन्हा नवा पत्ता!" आणि दोघंतिघं हसले. चांगलं हसणं नव्हतं ते. साचे ओतणाऱ्या म्हाताऱ्यानं तोंडावर सांगितलं, की आता ताईंनी सांगितलेल्या दारात तो पाऊल टाकणार नाही. मालक पाठ फिरवून फोनवर बोलू लागले. पॉलिशवालीनं डबा बंद केला आणि हात धुवायला निघून गेली.

ज्यांना पत्र आलं नव्हतं त्या चौघांपैकी दोघं शनिवारी गेले. त्यांचं दंडाशिवाय निभावलं. म्हातारा गेला नाही. त्याला पंधरा दिवसांनी पत्र आलं आणि दंडही लागला. त्याचाही राग त्यानं ताईंवरच काढला, आणि ताईंनी तो ऐकून घेतला.

पोलीस ठाण्यात तक्रार लिहून घ्यायला दोन फेऱ्या झाल्या. हवालदारानं सांगितलं, की याच माणसाविरुद्ध ही एकोणिसावी तक्रार, आणि तो बहुधा दुसऱ्या कुठल्यातरी शहरात दुसऱ्या कुठल्यातरी नावाची पाटी लावून बसला असेल. "सापडला तर कळवतो," तो म्हणाला. कळवलं नाही.

खात्याचं उत्तर यायला चार महिने लागले. तोवर दर आठवड्याला ताई टपालपेटी उघडत आणि घट्ट बंद करत. मधेच एक पत्र आलं, की तुमचं उत्तर मिळालेलं नाही. पोच घेऊन ताई पुन्हा टोकन घेऊन बसल्या, आणि पाच तासांनी उत्तर मिळाल्याचं कळलं. ते दुसऱ्या विभागात पडून होतं. शेवटी निकाल आला: स्पष्टीकरण मान्य, दंड किमान, रक्कम दहा हप्त्यांत भरावी. नवऱ्यानं पत्र वाचलं, गुडघा चोळला आणि म्हणाला, "म्हणजे आपण जिंकलो?"

"नाही हो," ताई म्हणाल्या. "सुटलो फक्त."

दर महिन्याला हप्ता जायचा तेव्हा त्यांना त्या न मिळालेल्या अर्ध्या पैशांचा राग यायचा. तो राग काही कमी झाला नाही. लोक विचारायचे, नळ कोणाकडून करून घेऊ, तर त्या म्हणायच्या, "आमचा नीट करतो. तुमचं तुम्ही बघा." काहींना ते तुसडं वाटायचं.

नवं वर्ष आलं, पुन्हा विवरणपत्रांचे दिवस आले. वाचनालयातलं साहाय्य आता महिन्यातून एकदाच होतं. खोली द्यायला नकार आला होता म्हणे, बाईंनी भांडून एक शनिवार राखला होता. ताई सकाळी साडेसातला पोचल्या तर रांग दारापासून सायकलींच्या स्टँडपर्यंत गेलेली. बाई बारा जणांनाच घेणार, असं ग्रंथपालानं दारावर लिहून लावलं होतं. ताईंनी माणसं मोजली. त्या चौदाव्या होत्या.

त्यांच्यापुढे, तेराव्या जागी, पॉलिशवाली उभी होती.

आठ महिने दोघी एकमेकींना खेटून काम करत होत्या आणि चाकाच्या आवाजापलीकडे शब्द नव्हता. पॉलिशवालीनं मागं वळून पाहिलं, पुन्हा पुढं पाहिलं. दार उघडलं, बारा जण आत गेले, बाकीचे चरफडत पांगले. या दोघी मात्र पायरीवरच राहिल्या, कुणी मधूनच उठून गेलं तर नंबर लागेल या आशेवर. तीन तास गेले. पॉलिशवालीनं पिशवीतून फॉर्मची छापील प्रत काढली, बराच वेळ तिच्याकडे बघितलं, आणि मग तोंड न वळवता म्हणाली,

"हा रकाना. दुसरं उत्पन्न. लेकीनं घरी थोडे पैसे दिलेत, ते इथं येतं का?"

ताईंच्या ओठावर उत्तर तयार होतं. येत नसावं, असं त्यांना जवळजवळ खात्रीनं वाटत होतं.

"मला माहीत नाही," त्या म्हणाल्या. "माझाही तो रकाना कोराच आहे. बाईंना विचारू."

पॉलिशवालीनं पायरीवरची पिशवी उचलून मांडीवर घेतली, आणि ताई त्या रिकाम्या जागेवर बसल्या. आत अकरावा माणूस चालू होता, आणि त्याच्याजवळ पावत्यांची मोठी पिशवी होती.